मराठीला काम हवे

माळव्यातील मराठी घरांत मुलांच्या मराठीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : "त्याला समजतं सगळं, बोलत मात्र नाही." हे सांगणाऱ्याच्या स्वरात थोडी तक्रार असते आणि थोडा दिलासाही असतो. समजते आहे, म्हणजे अजून सगळेच गेलेले नाही, असा तो दिलासा. पूर्वी हे वाक्य नातवंडांपुरते होते. आता काही घरांत नातवंडांच्या आईवडिलांविषयीही ते म्हणावे लागते.

आम्ही उभयता देवासचे. आमच्यापैकी एकीचे माहेर धारचे, त्यामुळे दोन्ही गावांतील मराठी घरांशी आमचे जाणेयेणे आहे. या गावांत मराठी माणूस पाहुणा म्हणून आला नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांच्या फौजांबरोबर पवार माळव्यात उतरले. धारला एक घराणे बसले आणि देवासला तुकोजी व जिवाजी या दोघा भावांच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या. त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, वैद्य, शिलेदार आले आणि येथलेच झाले. दरबारचे दप्तर मोडीत लिहिले जाई. पागेचा हिशेब, देवस्थानाची सनद, लग्नाची याद, सारे मराठीत. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि मराठीचे दरबारी काम संपले. पुढे शाळेचे गेले, मग पत्रव्यवहाराचेही गेले. आज बऱ्याच घरांत मराठी उरली आहे ती आरतीपुरती आणि "जेवायला चला" म्हणण्यापुरती. भाषेवरचे प्रेम आटले असे आम्हांस वाटत नाही. तिच्याकडे काम उरले नाही, इतकेच.

हा विचार आमच्या मनात पक्का झाला तो रविवारच्या वर्गामुळे. आमच्या घरी दर रविवारी सकाळी अकरा ते सोळा वर्षांची दहा-बारा मुले मराठी शिकायला येतात. हिंदीमुळे त्यांना लिपी अवगत असते. मराठी उतारा ती घडाघडा वाचतात, पण अर्थ विचारला की एकमेकांकडे पाहतात. घरातले बोलणे त्यांना कळते, उत्तर मात्र हिंदीत येते. त्यांना नवशिके म्हणता येत नाही आणि जाणकारही म्हणता येत नाही. परकी भाषा शिकवणाऱ्यांना हा मधला टप्पा चांगला ठाऊक असतो. आरंभी शिकणारा भराभर पुढे जातो, कारण प्रत्येक नवा शब्द त्याच्या उपयोगी पडतो. पुढे कामचलाऊ भाषा आली की तो तेथेच थांबतो. जेवढे येते तेवढ्यावर भागते, मग अधिक कशासाठी शिकायचे? येथे आणखी दहा धडे वाचून घेतल्याने फारसे काही हलत नाही.

अशा वेळी उपयोगी पडते ती प्रकल्प पद्धती. हल्ली 'प्रोजेक्ट' या शब्दाची थोडी बदनामी झाली आहे, हे खरे. थर्माकोल, रंगीत कागद आणि रात्री अकरा वाजता कात्री घेऊन बसलेली आई असे चित्र त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे येते. मूळ कल्पना मात्र निराळी आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयातील विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली या पद्धतीवर निबंध लिहिला. त्यामागे जॉन ड्युई यांच्या शिक्षणविचाराचे बळ होते. मुलाने मनापासून पत्करलेले आणि काही हेतू धरून पार पाडलेले काम हा शिक्षणाचा गाभा असावा, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम वेगळ्या वाटेने आली, तरी हातच्या कामाभोवती शिक्षण गुंफण्याचा आग्रह तिच्यातही होता.

भाषेच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. त्या भाषेवाचून होणारच नाही असे एखादे काम शिकणाऱ्याला द्यावे, आणि त्या कामाची वाट पाहणारे कोणी तरी असावे. मराठीपुरते उदाहरण हवे असेल तर फलटणचे घ्यावे. अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणात राहून तेथील लोकांच्या बोलीचा अभ्यास केला आणि त्यावर प्रबंध लिहिला. १९७५ साली जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले. गावाच्या बोलीचा अभ्यास करायचा तर गावाशी बोलावेच लागते. पुण्यास येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचीही तीच गोष्ट. मराठी कुटुंबात राहून, एखादा विषय हाती घेऊन, त्यासाठी मंडईत, वाड्यांत, देवळांत हिंडून चौकशी करणाऱ्याची मराठी केवळ वर्गात बसणाऱ्यापेक्षा वेगळ्या वेगाने पुढे जाते. त्यांची परकी भाषा आणि आपल्या मुलांची 'समजते पण बोलत नाही' अशी भाषा यांत अंतर आहे. तरी अडलेली गाडी पुढे नेण्याचा मार्ग दोघांचाही एकच.

आमच्या वर्गात आरंभ अगदी लहानशा गोष्टीने होतो. देवासला बँक नोट प्रेस आहे. तेथे छापल्या जाणाऱ्या नोटांवर मागील बाजूस पंधरा भाषांच्या ओळी असतात. त्यांपैकी देवनागरीत चार : कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत. मराठीची ओळ शोधा, असे मुलांना सांगावे. कोकणीची ओळ मराठीच्या इतकी जवळची असते की तेथे हमखास वाद होतो. 'शंभर रुपये' ही ओळ आपली, हे पटवून देताना मुले प्रथमच मराठीविषयी मराठीत भांडतात. गावात छापल्या जाणाऱ्या नोटेवर आपल्या घरची भाषा आहे, ही गोष्ट बहुतेकांना नवी असते.

त्यानंतरचा मोठा उपक्रम गाव दाखवण्याचा. पुण्याहून आमच्या आप्तांपैकी बारा मंडळी उज्जैन-ओंकारेश्वर करून एक दिवस देवासला येणार होती. त्यांना गाव दाखवण्याचे काम मुलांकडे दिले. हाताशी पाच रविवार होते. पाहुण्यांना आधीच कळवले होते की सारे काही मुले सांगतील, आणि मराठीत सांगतील.

काय दाखवायचे, येथपासून चर्चा सुरू झाली. टेकडीवरच्या दोन्ही देवी ठरल्या, तुळजाभवानी आणि चामुंडा, म्हणजे गावाच्या तोंडच्या बडी माता आणि छोटी माता. एकाच गावात दोन राज्ये कशी नांदत, हे सांगायचे ठरले. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खाजगी सचिव म्हणून काही महिने येथे राहिले आणि १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकातून त्यांनी ते दिवस वर्णिले, हे एका मुलीने शोधून आणले. आणि देवास म्हटल्यावर कुमार गंधर्व आलेच. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा, घरी कानडी बोलणारा हा मुलगा मुंबईस देवधर मास्तरांकडे गाणे शिकला आणि १९४८ साली क्षयाने आजारी असता हवापालटासाठी देवासला आला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळवी बायकांची गाणी पडत. पुढे त्यांनी ती गोळा केली, स्वरलिपीत उतरवली, त्यांतून नव्या रागांची बीजे वेचली. परमुलखात येऊन तेथील भाषा कानांनी कशी टिपावी, याचा याहून जवळचा दाखला आमच्या मुलांना कोठे मिळणार?

माहिती मिळाली ती हिंदीत आणि इंग्रजीत, सांगायची मात्र मराठीत. खरे शिक्षण येथे सुरू झाले. पहिल्या मसुद्यात 'दोन रियासती' होत्या, त्यांची 'संस्थाने' झाली. 'सीढ्या' होत्या, त्यांच्या 'पायऱ्या' झाल्या. एकाने 'खाली वेळ' असे लिहिले होते. खाली म्हणजे वर-खालीतले खाली आणि रिकामा म्हणजे रिकामा, हे त्याला तेथे समजले. 'शिक्षा' या शब्दाने तर हशा पिकला. 'कुमारजींनी मुंबईत संगीताची शिक्षा घेतली' हे वाक्य मराठी माणसाने ऐकले तर त्याला गाणे नकोसे झाले होते असेच वाटेल! लिंगाचा घोळही होताच. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी पुस्तक', आणि पत्र पुल्लिंगी, म्हणून 'माझा पत्र'. मराठीत दोन्ही नपुंसकलिंगी. हिंदीला तिसरे लिंगच नाही, तेव्हा ते येथे सवयीनेच बसवावे लागते. 'ळ' मात्र आमच्या मुलांना जड जात नाही. माळवीतही 'ळ' आहे, आणि शेजारच्या माळवी आजीबाईंनी तो त्यांच्या कानांत आधीच घातलेला असतो.

प्रत्यक्ष दिवशी टेकडीच्या पायथ्याशी उभे राहून आमच्या चौदा वर्षांच्या मार्गदर्शकाने मोठ्याने सांगितले, "आता आम्ही वर चढू." मुले पायऱ्या चढू लागली. दहा-पंधरा पायऱ्या गेल्यावर मागे वळून पाहतात तो एकही पाहुणा मागे नाही. सारी मंडळी खाली सावलीत उभी. त्यांतले आजोबा म्हणाले, "या जाऊन तुम्ही, आम्ही थांबतो इथं."

हिंदीतला 'हम' दोन्हींकडे चालतो. ऐकणाऱ्याला बरोबर घ्यायचे असले तरी 'हम', आणि वगळायचे असले तरी 'हम'. मराठीत ऐकणारा धरून 'आपण', सोडून 'आम्ही'. शेजारच्या गुजरातीतही 'आपणे' आणि 'अमे' असा हाच भेद आहे. वर्गात हा नियम फळ्यावर लिहून झाला होता, वह्यांत उतरवून झाला होता. तरी तो त्या मुलाला कळला टेकडीच्या पायथ्याशी. तो धावत खाली आला आणि म्हणाला, "आजोबा, आपण सगळे." त्यानंतर दिवसभरात 'आपण' आणि 'आम्ही' यांत त्याची चूक झाली नाही.

दुसरा उपक्रम धारचा. देवासपासून धार शंभर किलोमीटरच्या आसपास. तेथे माहेरच्या नात्यातल्या एक आजी आहेत. वय ८६, कान शाबूत, नजर मात्र अधू. त्यांच्या ट्रंकेत थोरल्या बहिणीची साताऱ्याहून आलेली सत्तरएक पत्रे होती, १९५८ पासून १९७९ पर्यंतची. बरीचशी आंतर्देशीय, काही कार्डे. आजींना स्वतःला वाचता येत नव्हते आणि घरात ते बारीक, घाईचे अक्षर सरळ लावणारे कोणी उरले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत धारच्याच चार मुलांना हे काम दिले. एकेक पत्र स्वच्छ अक्षरांत उतरवून काढायचे, आजींना वाचून दाखवायचे, आणि पत्रात आलेली माणसे, गावे, वस्तू यांविषयी विचारून समासात टीप लिहायची.

पहिला दिवस मायन्यातच गेला. 'चि. सौ.' ही नावाची आद्याक्षरे असावीत असा मुलांचा तर्क. 'ती.', 'सा. न. वि. वि.', 'मु. पो.' यांची एक वेगळी यादीच त्यांनी भिंतीवर लावली. साष्टांग नमस्कार कोणाला, नुसता नमस्कार कोणाला आणि अनेक उत्तम आशीर्वाद कोणाला, हे कळता कळता नात्यांची उतरंड त्यांना आपोआप समजली. एकाने मोबाईलने पत्राचे छायाचित्र काढून यंत्राकडून अर्थ मिळतो का ते पाहिले. ते अक्षर यंत्राला लागले नाही, आजींना मात्र दोन शब्द ऐकूनच पुढचे वाक्य आठवत होते.

तिसऱ्या दिवशी बारा वर्षांच्या मुलीने एक पत्र वाचले. त्यात लिहिले होते की आईच्या दुखण्याला आता उतार पडला आहे. मुलीने समासात टीप केली : 'आईची तब्येत बिघडली.' आजींनी ती ऐकली आणि हसून म्हणाल्या, "अगं, उलट. उतार पडला म्हणजे बरं वाटू लागलं. दुखणं उतरलं." मुलीने टीप खोडून नवी लिहिली.

त्यानंतर चौथे पत्र तिच्याच वाट्याला आले. ते लहान होते. तिने आपल्या नेहमीच्या सुरात वाचले, "आई परवा पहाटे गेली." आणि मान वर करून विचारले, "कुठे गेली?"

खोलीत कोणी काही बोलले नाही. आजी थोड्या वेळाने म्हणाल्या, "देवाघरी गेली बाळा. वाच पुढे."

तिने पुढे वाचले, पण आवाज बदललेला होता. पत्र संपल्यावर आजींनी ते हातात घेतले, कागदावरून बोटे फिरवली आणि परत दिले. त्या पत्राच्या समासात टीप आहे : 'गेली म्हणजे वारली. आजीने सांगितले.' दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्यापूर्वी ती मुलगी आजींजवळ जाऊन बसली आणि कोणी न सांगता तिने विचारले, "आजी, तुझी आई कशी होती गं?" आजी तासभर बोलत होत्या. मध्ये मुलीने आणखी काही विचारले, तेही मराठीतच. वाक्ये सगळीच शुद्ध नव्हती.

या दोन्ही उपक्रमांतून काही व्यवहाराच्या गोष्टी हाती लागतात, त्या सांगणे आवश्यक आहे. प्रकल्प पद्धती म्हणजे मुलांना मोकळे सोडून देणे नव्हे. चार मुले एकत्र बसली की पाच मिनिटांत हिंदी सुरू होते आणि मराठीचा नुसता मुलामा उरतो. जगभर भाषाशिक्षकांची या पद्धतीविषयी हीच मुख्य तक्रार असते आणि ती रास्त आहे. दंड, शिक्षा, पाटीवर नाव यांनी ती दूर होत नाही. ऐकणारा माणूस बदलला की भाषा बदलते. म्हणून प्रत्येक कामात मराठीच सोयीची असलेले एक माणूस मध्ये बसलेले हवे. आजी, पाहुणा, शेजारच्या काकू, कोणीही चालेल.

दुरुस्तीचे पथ्यही पाळावे लागते. मूल बोलत असता मध्येच अडवले की ते पुन्हा तोंड उघडीत नाही. आम्ही चुका चिठ्ठीवर टिपतो आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्यांतल्या तीनच घेतो. त्या तीन चुकांसाठी मात्र व्याकरण पूर्ण शिकवतो, उदाहरणे देतो, घोकूनही घेतो. घोकण्याचा आम्हांस तिटकारा नाही. धारच्या जुन्या खांबांवर सर्पबंध कोरलेले आहेत. नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि संस्कृतचे प्रत्यय बसवलेले आहेत. भाषेचे कोष्टक डोळ्यांपुढे असावे, हे आपल्या पूर्वजांना शेकडो वर्षांपूर्वी पटलेले होते. कोष्टकाची गरज मुलाला कधी वाटते, एवढाच प्रश्न असतो, आणि ती काम अडले म्हणजे वाटते.

आणखी एक. ज्याला मराठी मुळीच येत नाही, त्याच्यावर हा भार टाकू नये. त्याला आधी गाणी, गोष्टी, रोजची वाक्ये द्यावीत. ही वाट आहे ती 'समजते पण बोलत नाही' त्यांची, आणि बरे बोलतात पण लिहीत नाहीत त्यांची. कामही बेताचे असावे. ज्याला वेळेची मर्यादा नाही आणि ज्याचा शेवट कोणाच्या हाती पडत नाही, असा उपक्रम तिसऱ्या आठवड्यात विरून जातो. गाव दाखवायचे तर पाहुणे अमक्या तारखेला येणार, पत्रे लावायची तर आजी समोर बसल्या आहेत, असे असावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आमच्या माळव्यातही झाला, पेढे वाटले गेले. तो मान भाषेच्या प्राचीनतेचा आहे. घरातल्या मुलाने आजीशी कोणत्या भाषेत बोलावे, याचा निकाल त्याने लागत नाही. तो घरातच लागायचा आहे. प्रत्येक घरात ट्रंक असते असे नाही, पण लोणच्याचे प्रमाण असते, सत्यनारायणाच्या सामानाची यादी असते, जुन्या छायाचित्रांत नाव न कळणारी माणसे असतात. पुण्या-नागपुरास एखादी मावशी असते, तिला मराठीत चार ओळींचे पत्र गेले तर ती उत्तर पाठवल्याशिवाय राहणार नाही. यांतले एखादे काम मुलाच्या हाती द्यावे. ते मराठीतच करावे लागेल, अशी तजवीज करावी. मग ते किती शुद्ध झाले, हे लगेच पाहू नये.

धारच्या ट्रंकेच्या तळाशी आणखी एक पुडके निघाले आहे. त्यातले कागद आजींच्या सासऱ्यांच्या वेळचे, मोडीतले. त्यांना ते वाचता येत नाहीत, आम्हांलाही फारसे नाही. चारही मुलांनी येत्या सुट्टीत मोडी शिकायचे ठरवले आहे. तूर्त पहिल्या कागदावरचा 'श्री' तेवढा लागला आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा काही उपक्रम झाला असेल, किंवा मोडी जाणणारे कोणी वडीलधारे असतील, तर या मासिकाच्या द्वारे आम्हांस जरूर कळवावे.